अंजिरी लुगड्याचा लगदा

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे हुगळी, कचुरी वगैरे वाचताना मी कुणाला भला माणूस वाटायला नको. जानेवारीत आठवडाभर मी कलकत्त्याला गेलो आणि ऐंशी उलटलेल्या एका बाईंच्या आईचं लुगडं यंत्रात घालून दळून आलो. मालकिणीला न विचारता. त्याचा आळ दुसऱ्यावर आला तेव्हा मी समोर बसून आमटी-भात जेवत होतो.

मिरजेच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. स्वभावाने माफीखोर आहे. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच सॉरी म्हणतो. एकदा एटीएमच्या दाराला म्हणालो होतो. बायको म्हणते, "तुमचं सॉरी म्हणजे उचकी आहे. पाणी प्या, थांबेल."

जाण्याचं कारण आमचे मुख्याध्यापक. शाळेला देणगीत संगणक मिळाले आणि त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सर, पुढच्या वर्षीपासून पोरांना डिझाइन शिकवायचं. संगणकावर." फळ्यावर एका फटक्यात गोल वर्तुळ काढणं हे माझं आयुष्यातलं एकमेव कर्तृत्व. माउस हातात आला की तो मी फळ्यावरच्या डस्टरसारखा उचलून धरतो. ही व्यथा मी फोनवर सुमाताईला सांगितली. सुमाताई माझी मावसबहीण. लग्न होऊन कलकत्त्याला गेली ती तिथलीच झाली. ती म्हणाली, "आमच्या इकडे एक बाई वर्ग घेते. सकाळी हातकागद, दुपारी संगणक. ये की. किती वर्षं नुसतं येतो येतो म्हणतोयस."

"तुम्हाला त्रास..."

"शिरू, सॉरी म्हणालास तर फोन ठेवीन."

हावडा ते बेहाला

आगगाडीबद्दल लिहीत नाही. भावोजी, म्हणजे सुमाताईचे यजमान, हावड्याला घ्यायला आले होते. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, जन्म इथलाच. मी टॅक्सीकडे निघालो तर त्यांनी मला दंडाला धरून नदीकडे नेलं. "पूल बघायचा असेल तर पुलावरून जायचं नसतं," म्हणाले, आणि लाँचवर चढवलं. ते पटलं. हुगळीच्या मधोमध पोचल्यावर डोक्यावर तो अवाढव्य पोलादी सांगाडा, पाण्यावर जलपर्णीचे तरंगते पुंजके, मागे हावड्याच्या कारखान्यांची धुरकट पत्र्यांची रांग. एक म्हातारा काठाला उभा राहून शांतपणे दात घासत होता. पलीकडे उतरून बस धरली. मैदानाच्या कडेने जाताना भावोजींनी खिडकीबाहेर बोट केलं. "तो फोर्ट विल्यम किल्ला."

मला फक्त झाडं दिसली. "कुठे?"

"दिसत नाही, पण असतो. घरी माई आहे. ती दिसते."

माई म्हणजे त्यांच्या आई. बेहाल्यातल्या अरुंद गल्लीत, खाली शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान असलेल्या इमारतीत हे लोक राहतात. माई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. जन्म कलकत्त्याचा, सासर कलकत्त्याचं, मराठी मात्र पुण्याहून धुऊन-वाळवून आणल्यासारखं, मध्येच एखादं "धुर!" तेवढं इथलं, आपल्या 'छट्!'सारखं.

"आलास? चहा खाणार?"

बंगालीत चहा खातात, पाणी खातात, सिगारेटही खातात. मी चहा खाल्ला. रात्री पानात मोहरीतला पाबदा मासा आला. मी म्हणालो, सॉरी, मी खात नाही.

"नदीतला आहे," माई म्हणाल्या. "तीर्थ म्हणून घे."

घेतला. मनातल्या मनात माशाचीही माफी मागितली. मग दुसरा घेतला.

वर्ग

वर्ग एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भरतो. पुढच्या खोलीत संगणक, मागच्या पडवीत पाण्याच्या टाक्या. शिकवणाऱ्या पारमितादी दोन्हीकडे एकट्याच: सकाळी कोपरापर्यंत लगद्यात, दुपारी तेच हात पुसून पडद्यासमोर. विद्यार्थी सात-आठ, बहुतेक माझ्या मुलीच्या वयाचे. अपवाद मी आणि बिमानदा. बिमानदा सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आधी तबला, मग बोन्साय आणि मग होमिओपॅथी शिकून झालं होतं. "बीवी बोलता है घर में मत बैठो," त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं. मला ते पहिल्या दिवसापासून मास्टरमोशाय, म्हणजे मास्तरसाहेब, म्हणू लागले.

कागद करणं हे वाचायला सोपं आहे. टाकीत पातळ लगदा असतो, ताकासारखा. जाळी ताणलेली लाकडी चौकट उभी बुडवायची, आत आडवी करायची, सरळ वर उचलायची आणि पाणी गळत असताना एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे हलवायची. जाळीवर साय राहते, ती ओल्या कापडावर उलटी टेकवून सोडायची. माझी पहिली साय एका बाजूला धिरडं आणि दुसऱ्या बाजूला भोक अशी निघाली.

"सॉरी," मी म्हणालो.

पारमितादींनी ती साय खरवडून परत टाकीत टाकली. "टाकी को सॉरी नहीं चाहिए. फिर से."

दुपारी पडद्यावर उलटी वरात. तिथे बिंदू ठेवायचे आणि बिंदूला फुटणाऱ्या दांड्या ओढून रेष वळवायची. फळ्यावर वर्तुळ काढणाऱ्या माणसाने दुपारभर खपून एक आंब्याची कोयरी काढली, ती पोटदुखी झालेल्या हत्तीसारखी दिसत होती. शेजारच्या मुलीने तेवढ्या वेळात अख्खी साडी डिझाइन केली. बिमानदा माझा हत्ती बघून म्हणाले, "गणेशजी अच्छा बनाया."

वर्ग सुटताना पारमितादींनी सांगितलं, उद्या प्रत्येकाने जुनं सुती कापड आणायचं. पॉलिएस्टरचा धागाही नको. जितकं वापरलेलं, जितकं धुतलेलं, तितका कागद चांगला.

गॅलरी

इथे मी नेमकं काय केलं ते सांगतो. सकाळी सुमाताई आंघोळीला गेली होती, माई देवापुढे, भावोजी बाजारात. तासाभरात वर्ग. ताई बाहेर आल्यावर मागता आलं असतं; पण आधीच पाहुणा, आयतं जेवतोय, त्यात आणखी मागायचं कसं, असा मला संकोच वाटला. गॅलरीत ट्रंकेवर जुन्या साड्यांचं एक बोचकं होतं. विरलेल्या, मऊ, कडेला उसवलेल्या. चिंध्याच आहेत म्हटलं. वरचं अंजिरी लुगडं उचललं, नऊवारी, हातात घेतलं तर लोण्यासारखं. पिशवीत घातलं आणि निघालो. त्रास द्यायचा नाही म्हणून विचारलं नाही. माझ्या आयुष्यातले बहुतेक गुन्हे असेच सौजन्यातून घडले आहेत.

वर्गात कापड बघून पारमितादी खूश झाल्या. गालाला लावून बघितलं. "कहाँ से मिला?"

"घर से," मी म्हणालो. कुणाच्या, ते म्हणालो नाही.

काठ तेवढे कापून वेगळे काढायला लावले. त्यांचा धागा वेगळा, यंत्रात गुंडाळतो म्हणे. उरलेल्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि यंत्रात टाकले. आमच्याकडे ओल्या मिरचीचा खर्डा करायची गिरणी असते, तिची ही थोरली बहीण. पाण्यात गरगर फिरत कापडाचं कापडपण निघून जातं. दुपारपर्यंत दूधसाखरेत अंजीर कुस्करल्यासारखा लगदा झाला.

त्या रात्री जेवताना माई म्हणाल्या, "सुमा, गॅलरीतलं माझं अंजिरी लुगडं कुठे गेलं?"

"कुठे जाणार? बोचक्यात असेल."

"नाही. सगळं उचकलं."

मग कळलं. ते बोचकं चिंध्यांचं नव्हतं. माईंची नात, म्हणजे सुमाताईची मुलगी, तिस्ता बंगळुरात असते, तिला मार्चमध्ये बाळ होणार आहे. त्या बाळासाठी माई गोधडी शिवणार होत्या. आतल्या थराला इतर साड्या, आणि बाळाच्या अंगाला लागणारा वरचा थर ते अंजिरी लुगडं. ते माईंच्या आईचं. लग्न होऊन कलकत्त्याला आली तेव्हा नेसून आलेलं. माईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललेलं आहे. गच्चीवर हिवाळ्याचं ऊन आहे तोवरच त्यांना सुईत दोरा ओवता येतो.

मी भात कालवत राहिलो.

माईंची नजर फिरत फिरत ओट्यावर थांबली. तिथे एक कोरं करकरीत स्टीलचं पातेलं होतं. झाकणासकट.

"हे कधी आलं?"

"आज. बासनवाली आली होती. ह्यांच्या जुन्या पँटी दिल्या."

आपल्याकडे बोहारीण, इथे बासनवाली. डोक्यावरची टोपली तीच आणि घासाघीस तीच. माईंनी पातेल्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचा कोट दिलास तेव्हा इडलीपात्र आलं होतं."

"माई, त्याला वीस वर्षं झाली! आणि तो कोट कसरीने खाल्ला होता!"

"आता आईचं लुगडं दिलंस, पातेलं आलं. माझ्या मागे मला देशील तेव्हा कुकर तरी घे. पाच लिटरचा."

"मी नाही दिलं हो!"

भावोजींनी वर्तमानपत्र उघडलं. सकाळचंच होतं, त्यांनी दोनदा वाचलं होतं. ताईचा चेहरा लाल झाला. आणि मी, सांगतो, मी बोललो. अगदी स्पष्ट म्हणालो, "सॉरी."

"तू कशाला सॉरी म्हणतोयस?" भावोजी पेपराआडून म्हणाले. "जेव तू."

"ह्याचं हे लहानपणापासूनच आहे," ताई म्हणाली आणि माझ्या पानात आमटी वाढली.

मी जेवलो. झोपताना स्वतःला समजावलं की मी तर सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही.

पातेल्यावर बहिष्कार

दुसऱ्या दिवसापासून माईंनी त्या पातेल्यात शिजलेलं काही खायचं नाही असं जाहीर केलं. ताईनेही हट्टाने सगळं त्याच पातेल्यात शिजवायला घेतलं. वरण त्यात, भात त्यात, संध्याकाळचा चहासुद्धा त्यात. माई मुरमुरे आणि केळी खाऊन राहू लागल्या. मुरमुरे चावण्याचा आवाज त्या मुद्दाम काढत. ताई फोडणी मुद्दाम जोरात घाली. भावोजींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मिरजेला हवा कशी असते सध्या?"

मी रोज ठरवत होतो. सकाळी ठरवायचो, रात्री सांगू. रात्री ठरवायचो, आज नको, तापलेत सगळे. वर्गात मात्र माझा उदोउदो चालला होता. त्या लगद्याचा कागद असा उतरला की पारमितादींनी सगळ्यांना बोलावून दाखवला: वाळला की जुन्या गुलाबाच्या पाकळीचा रंग, कडा मऊ, उजेडात धरला तर आत बारीक धागे. मला चौकटही जमायला लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुठे कौतुक होत होतं, आणि ते चोरीच्या मालावर.

कौतुक साजरं करायला बिमानदांनी मला कोपऱ्यावर कचुरी खायला नेलं. ती उभ्याने, पानांच्या द्रोणात, बटाट्याच्या पातळ भाजीबरोबर खातात. आमच्याकडे खाताना बोलू नये म्हणतात; इथे न बोलता खाल्लं तर दुकानदार तब्येतीची चौकशी करतो. बिमानदा पोटातल्या वाताविषयी सविस्तर बोलले आणि मग विचारलं, "मास्टरमोशाय, आप इतना सॉरी क्यों बोलता है? कुछ किया है क्या?"

"नहीं, नहीं," मी म्हणालो. "सॉरी."

त्या दुपारी पडद्यावर नक्षीची जोडणी शिकायची होती. एखादी वस्तू स्कॅन करायची, तिच्यातला एक आकार उचलायचा आणि एकाला एक लावत न्यायचा. माझ्या पिशवीत कापलेले काठ होतेच. काचेवर काठाचा तुकडा ठेवला. पडद्यावर तो आला आणि पारमितादींनी सांगितल्याप्रमाणे मी तो मोठा करत गेलो. आणखी मोठा, आणखी. काठातली रुईफुलं हाताएवढी झाली. मग त्यांच्या मधे एक जागा आली, तिथे वीणच वेगळी होती. बारीक बारीक टाके, उभे-आडवे, एकमेकांत अडकवलेले. रफू. मूळ धागा लाल, टाके जरा तपकिरी, कारण नेमका तो लाल मिळाला नसणार. एका ठिकाणी टाका चुकला होता आणि तो उसवून परत घातला होता. आधीच्या सुईची भोकंसुद्धा दिसत होती.

हातात घेतलं तेव्हा हे मला दिसलं नव्हतं. कापतानाही नाही.

बिमानदा मागून वाकले. "ये तो किसी ने बहुत जतन से किया है. किसने?"

"सॉरी," माझ्या तोंडून निघालं.

"सॉरी किसका नाम है?"

मुली हसल्या. मी उठून पडवीत गेलो आणि नळ सोडून उगाच हात धूत उभा राहिलो. लगदा कधीच निघाला होता. तरी धूत होतो.

शेवटची सकाळ

त्या रात्रीही सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की रफू पाहून माझा उद्धार झाला.

सकाळी माई गच्चीवर गेल्या आणि जिन्यात त्यांना चक्कर आली. पडल्या नाहीत, कठड्याला धरून बसल्या. मुरमुऱ्यांवर माणूस किती दिवस उभा राहणार? भावोजींनी त्यांना आणून खुर्चीत बसवलं. ताईने त्या पातेल्यातला मऊ भात ताटलीत काढला, वर तूप घातलं, आणि त्यांच्यासमोर धरला. माईंनी तोंड फिरवलं.

ताई ताटली घेऊन तशीच उभी होती. मग खाली बसली, त्यांच्या पायाशी.

"माई, मीच दिलं लुगडं," ती म्हणाली. "पँटींबरोबर गेलं. बघितलं नाही मी. चुकले. परत नाही होणार. आता खा."

माईंनी तिच्याकडे बघितलं. "सरळ सांगितलं असतंस तर एवढं झालं नसतं," म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला.

ताईने डोळे पुसले आणि उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना मला म्हणाली, "शिरू, तुझा डबा भरलाय. आज प्रदर्शन ना तुमचं?"

मी डबा घेतला. खरंच घेतला. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो, ऑटोत बसलो. वर्गात भिंतीवर आमचे कागद टांगले होते, माझे सगळ्यांत मधोमध, त्यांतल्या एकावर रुईफुलांची नक्षी छापलेली. पारमितादींचा नियम असा की प्रत्येकाने कागदाखाली लिहायचं, हा कशाचा. बाकीच्यांनी लिहिलं होतं: बाबांचा शर्ट, केळीचं खोड, शाळेची चादर. मी पेन उघडून उभा राहिलो.

"लिखिए न," बिमानदा म्हणाले.

मी कागद भिंतीवरून उतरवायला लागलो. पारमितादी धावत आल्या. "क्या कर रहे हैं? अभी लोग आएँगे!"

"ये मेरा नहीं है," मी म्हणालो. माझ्या हिंदीत एवढंच बसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदांचे चिमटे काढायला हात लावला.

घरी पोचलो तेव्हा तिघंही जेवायला बसली होती. मी माईंच्या पानाशेजारी कागद ठेवले, त्यावर काठांची गुंडाळी ठेवली. माईंनी काठ ओळखला. गुंडाळी उलगडत गेल्या, रफूपाशी थांबल्या, त्यावरून अंगठा फिरवला. मग कागद उचलला.

"हे काय आहे?"

"लुगडं," मी म्हणालो. "मी नेलं होतं. वर्गात. दळलं."

भावोजींनी पेपर शोधला, तो जवळ नव्हता. माईंनी कागद नाकाशी नेला, हुंगला. उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"कागद पांघरून मूल झोपतं का रे?"

मी तोंडाशी आलेली उचकी गिळली.

"काठ लावीन गोधडीला चारी बाजूंनी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "आणि तू ग? तू का म्हणालीस मीच म्हणून?"

"तुम्ही जेवत नव्हतात," ताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पातेल्याकडे बघत होती.

"धुर!" माई म्हणाल्या. "माझी माफी नको मागू, शिरू. लुगडं आईचं, ती गेली. हिची माग. आणि ते तुझं इंग्रजी नको."

मी ताईच्या समोर बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

"ताई, लुगडं मी नेलं. तुला विचारलं नाही, कारण संकोच वाटला. सांगितलं नाही, कारण भीती वाटली. तुझ्यावर आळ आला तेव्हा मी इथेच होतो, आणि तू वाढलेली आमटी खाल्ली. रोज खाल्ली. आज सकाळी तू माईंची जी माफी मागितलीस, ती मी मागायला हवी होती, आणि मी डबा घेऊन निघून गेलो. मला माफ कर."